सुरूच्या रानातली बिनभाड्याची अम्मन

सकवारबाईंच्या मते जगातील यच्चयावत वस्तूंचे दोनच वर्ग संभवत होते: हळदकुंकू लावून झालेल्या, आणि लावायच्या राहून गेलेल्या. चेन्नईच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी सारी नोकरी काढली. आयुधपूजेच्या दिवशी स्विचबोर्डाच्या प्रत्येक फळीवर चंदनाचे बोट आणि कुंकवाचा ठिपका त्यांच्याच हातून उमटे; हाताखालच्या मुली म्हणत, की त्या दिवशी दिल्लीचा ट्रंककॉलही सुवासिक लागतो. निवृत्तीनंतर हा उत्साह घरात शिरला. मिक्सर, इस्त्री, गॅसचा सिलिंडर, सारे ओळीने टिळा लावून घेऊ लागले. मुलगा कौशिक सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. कुंकू कीबोर्डात उतरून कळा अडकतात, अशी तक्रार त्याने एकदा केली, तेव्हा त्या म्हणाल्या, "अडकूं देत रे कण्णा. येवढें भरभर लिहून कोठें जायचें आहे तुज?"

त्यांची मराठी अशी होती. भोसल्यांच्या राज्यात कारकुनी करायला तंजावरास गेलेल्या घराण्याची ती भाषा. पुण्याहून आलेल्या माणसाला ती ऐकताना एखादी बखर उठून बसल्याचा आणि मध्येच तमिळमध्ये हेल काढू लागल्याचा भास होई. राव मंडळींना तमिळ मुलखात 'रायर' म्हणतात. त्यामुळे गावाकडच्या लोकांसाठी सकवारबाई 'रायरम्मा' होत्या.

गाव म्हणजे शोळिंगनल्लूरच्या दक्षिणेला, जुन्या महाबलीपुरम रस्त्यापासून थोडी आत असलेली एक वाडी. त्यांच्या दिवंगत यजमानांनी, भीमसेन रावांनी, त्या रस्त्याला कुणी विचारत नव्हते त्या काळात तिथे एकरभर रान घेऊन ठेवले होते. नव्या सहस्रकात मात्र त्या रस्त्याला सगळेच विचारू लागले. दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती उगवल्या, आणि त्यांच्यामागोमाग प्लॉटचा एक दलाल वाडीत फिरू लागला. सकवारबाईंना विकायचे नव्हते. पण त्यांच्या एकटीच्या न विकण्याला अर्थ नव्हता. तळ्यातून निघणारा पाट सात-आठ शेतकऱ्यांच्या रानांतून वळणे घेत शेवटी त्यांच्याकडे पोचत असे. वरच्यांनी विकले, की पाटावर भराव पडणार आणि सकवारबाईंचे रान कुंपणाआडच्या कोरड्या बेटासारखे उरणार. शेजारी राहिले तर आपण राहू, इतका हा मामला सरळ होता.

शेजाऱ्यांनी राहावे म्हणून शेतीतून काही निघायला हवे होते. आणि ते काय, हे सांगायला गुरुराज आला. हा सोलापूरकडचा तरुण एका कागद गिरणीच्या लागवड विभागात नोकरीला होता. रोपे फुकट, चौथ्या वर्षी लाकूड गिरणी विकत घेणार, असा त्याचा प्रस्ताव होता. झाड सुरूचे, म्हणजे त्या किनाऱ्यावर ज्याला सवुक्कु म्हणतात ते: सरळ वाढणारे, खाऱ्या वाऱ्याला न घाबरणारे आणि पानांच्या जागी केसांसारख्या हिरव्या काड्या मिरवणारे. गुरुराजने तळ्याच्या बंधाऱ्यावर बसून मोडक्या तमिळमध्ये सगळे समजावले. शेतकऱ्यांनी ऐकून घेतले. मग अलमेलूने सर्वांच्या वतीने तोंड उघडले. तिचे अर्धा एकर सकवारबाईंच्या बांधाला लागून होते, आणि तिच्या जिभेची हद्द त्याहून बरीच मोठी होती.

"तंबी, चौथ्या वर्षी पैसे येणार. मग मधली तीन वर्षं काय खायचं? हा सुरू?"

"पहिल्या वर्षी ओळींच्या मध्ये भुईमूग घेता येतो, अक्का."

"आणि दुसऱ्या वर्षी?"

"दुसऱ्या वर्षी सावली पडते."

"मग सावली शिजवून खाऊ," अलमेलू म्हणाली. "माझ्या शेळ्यांनाही तीच घालते."

हसण्याची लाट ओसरल्यावर ठरले ते असे: रायरम्मांना पेन्शन आहे, त्यांनी आधी लावावे. त्यांचे लाकूड खरोखर तुटून लॉरीत चढले आणि त्याचे पैसे खरोखर आले, तर बाकीचे लावतील. नाहीतर दलाल आहेच. पत्रकात कितीही आश्वासने छापली, तरी लहान शेतकरी ती शेजाऱ्याच्या रानात फळलेली पाहिल्याशिवाय हलत नाही, हे गुरुराजला त्या दिवशी कळले आणि सकवारबाईंना आधीपासूनच ठाऊक होते. त्यांनी त्याच पावसाळ्यात सुरू लावला.

पहिल्या वर्षी ओळींमधला भुईमूग छान आला. नंतर गुरुराजच्या शब्दाप्रमाणे सावली पडली, भुईमूग थांबला, आणि पाला मिळेनासा झाल्याने अलमेलूच्या शेळ्या बांध ओलांडून कोवळ्या सालींवर हात मारू लागल्या. शेळ्यांना हात नसतात, हे अलमेलूने पुन्हापुन्हा निदर्शनास आणून दिले. रात्री कुणीतरी वासे तोडून न्यायलाही सुरुवात केली. उभ्या राहणाऱ्या इमारतींना परांच्या लागत, आणि परांचीला सुरूचा वासा.

अशात तिसऱ्या वर्षीची आयुधपूजा आली. झाडाचा घेर किती वाढतो हे दर खेपेस मोजण्यासाठी गुरुराजने रस्त्याकडेचे एक झाड नक्की केले होते, आणि ते ओळखू यावे म्हणून सकवारबाईंनी आपल्या जुन्या पिवळ्या लुगड्याची पट्टी त्याच्या खोडाला बांधली होती. पूजेच्या दिवशी पंप झाला, खुरपे झाले, कुदळ झाली. करंड्यात हळदकुंकू उरले. झाड हेही शेवटी मिळकतीचे साधनच, अशा निर्दोष तर्काने त्यांनी पट्टीच्या वर हळदीचा जाड लेप दिला, त्यावर कुंकवाचा रुपयाएवढा टिळा लावला, बुंध्याशी एक लिंबू ठेवले, आणि बस पकडून त्या घरी गेल्या.

पिवळे वस्त्र, हळद, कुंकू, लिंबू, आणि वर रस्त्याच्या कडेला. तमिळ मुलखात एवढ्या सामग्रीनंतर देऊळ उभे राहायला सिमेंटची गरज पडत नाही.

पुढच्या आठवड्यात त्या रानावर आल्या, तेव्हा झाडाला मोगऱ्याचा गजरा होता. रस्तारुंदीकरणावरच्या बाया सकाळी कामावर जाताना तिथे हात जोडत होत्या. त्यानंतर पणती आली, त्रिशूळ आला, आणि पाठोपाठ रामस्वामी आला. हा शेजारच्या बांधकामावरचा राखणदार. सिमेंटच्या गोण्यांवर लक्ष ठेवता ठेवता त्याला अम्मनचा, म्हणजे देवीचा, दृष्टान्त झाला, आणि तेव्हापासून तो विभूतीचे ताट घेऊन झाडाखाली बसू लागला. मग सॉफ्टवेअरवाल्यांना सुगावा लागला. अमेरिकेला जायचे असो वा बढतीची वार्षिक धाकधूक असो, मंडळी मोटारसायकल थांबवून नवस बोलत आणि गंड्याच्या जागी जुन्या ओळखपत्राची फीत फांदीला बांधून जात. वाऱ्यावर निळ्या, लाल, केशरी फिती फडफडत. एका संध्याकाळी सकवारबाईंनी त्यांतली एक निरखून पाहिली आणि घरी येऊन मुलाला विचारले, "कौशिका, तुझ्या कंपनीची फीत त्या झाडास कोणी बांधिली?"

"अम्मा, आमच्या कंपनीत हजारो लोक आहेत," तो इंग्रजीत म्हणाला.

"त्या हजारांत सांबाराचा डाग एकाच्याच फितीस असतो."

कौशिक त्या वर्षी अमेरिकेला गेला, हे येथे केवळ नोंदीपुरते.

खरे सांगायचे तर सकवारबाई प्रथम खूश झाल्या. देवी आल्यापासून वासे चोरीला जाणे बंद झाले होते. अलमेलूही आपल्या शेळ्यांना त्या बांधावरून जीभ चावत मागे ओढी. बिनपगारी राखणदारीण मिळाली, असे समजून त्या दर शुक्रवारी स्वतःच टिळा ताजा करीत राहिल्या. आपण नेमके काय पोसतो आहोत, याचा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही.

तो शिवला चौथ्या वर्षी, पोंगल उलटल्यावर. तोडणीवाल्यांची टोळी कुऱ्हाडी घेऊन आली. मुकादमाने रान पाहिले, झाड पाहिले, फिती पाहिल्या. कुऱ्हाड खाली ठेवून त्याने साष्टांग नमस्कार घातला आणि टोळीला परत फिरायची खूण केली.

"अहो, ते एक झाड सोडा, बाकीची तोडा!" सकवारबाई त्याच्यामागे धावल्या.

"बाकीची म्हणजे काय अम्मा? ते झाड तिचं अंग. हे सगळं रान तिचे केस." त्याने वाऱ्यावर डोलणाऱ्या हिरव्या काड्यांकडे बोट केले. "तुम्हीच बघा."

सकवारबाईंनी पाहिले. केसच दिसत होते, आणि ते मोकळे सोडलेले होते. दुसरी टोळी तर रस्त्यावरूनच नमस्कार करून गेली. गुरुराज आला आणि डोक्याला हात लावून बसला. "काकू, मी घेर मोजायला एक झाड मागितलं होतं. तुम्ही त्याची शक्तिपीठात भरती केलीत."

"मज काय ठाऊक, येवढ्या भक्तीचे लोक मोकळे बसले आहेत म्हणून!"

त्याच दुपारी अलमेलू बांधावर येऊन उभी राहिली. ती भांडायला आलेली नव्हती, आणि म्हणूनच सकवारबाई घाबरल्या. "रायरम्मा, हा मासी महिना संपला की लोक दलालाकडे सही करायला जाणार. तुमची लॉरी भरेल म्हणून थांबले होते. आता म्हणतात, झाड लावून देऊळच मिळणार असेल, तर देवळं गावात पुष्कळ आहेत."

"आणि तू?"

"सगळे गेले तर माझं अर्धा एकर मी काय पदरात बांधून ठेवू?"

सकवारबाई थेट रामस्वामीकडे गेल्या. तो फिती रंगवार लावत होता. त्यांनी विषयाला हात घातला: तळ्याकाठी एक छान कडुनिंब आहे, मोकळी हवा आहे, अम्मनने तिकडे बिऱ्हाड हलवावे.

"अम्मन म्हणजे काय भाडेकरू आहे, अम्मा?" रामस्वामी दुखावला.

"भाडेकरूच! तीही बिन-अ‍ॅडव्हान्सची. या शहरात दहा महिन्यांचा अ‍ॅडव्हान्स मोजल्याशिवाय कुणी न्हाणीघराची किल्ली देत नाही, आणि मी तिला एकरभर रान देऊन बसले."

"तुम्हीच बोलावलीत. टिळा कुणी लावला?"

रामस्वामीनेच मग जरा मऊ होऊन सांगितले, की देवीची परवानगी देवीलाच विचारावी लागते. ती कुणाच्या तरी अंगात येईल तेव्हा. वाडीत ती दर आडी महिन्यात, म्हणजे आषाढात, एकीच्याच अंगात येत असे. दोघांनीही बांधाकडे पाहिले. अलमेलू शेळीच्या पायातला काटा काढत होती.

"मी बोलवत नाही, ती येते," अलमेलूने आधीच सांगून टाकले. "आली तर आली. आणि काय बोलेल त्याला मी जबाबदार नाही."

शुक्रवारी सगळी वाडी सुरूच्या सावलीत जमली. आंबिलीचे मोठे पातेले शिजवून आणले होते, कडुनिंबाचे टहाळे होते. उडुक्कै, म्हणजे हातातले छोटे डमरू, घुमू लागले. गुरुराज मागे उभा होता; शास्त्र शिकलेल्या माणसाने अशा वेळी चेहरा कसा ठेवावा, हे न कळून त्याने तो मोबाइलमध्ये घातला. बराच वेळ काही घडले नाही. अलमेलू खाली बसून कंटाळल्यासारखी जांभई देत होती. मग त्या जांभईतूनच तिचे अंग कापू लागले, अंबाडा सुटला, आणि टहाळा उपसून ती सकवारबाईंच्या पुढ्यात येऊन उभी ठाकली.

"अडिये! माझं डोकं भादरायला निघालीस?"

आई गेल्यापासून सकवारबाईंना 'ए पोरी' म्हणून कुणी हाक मारली नव्हती. त्यांच्या डोळ्यांत एकदम पाणी आले. पण गाऱ्हाणे त्यांनी व्यवस्थित मांडले. ऐन मोक्याला त्यांची तमिळ सुटून तंजावरची मराठी आली. "भादरणें नव्हे आई. येक वेळ कापूं दे. पुन्हा लावितें. तुझें झाड तैसेंच ठेवितें."

देवीला मराठी कळत असावी, कारण ती लगेच खेकसली. "एकटीच ठेवतेस? कार्तिकातलं वादळ आलं की उघड्या रानातला एकटा सुरू किती वेळ उभा राहतो? मला आडवी पाडायची आहे?"

"मग काय करूं?"

"माझ्या बहिणी ठेव. चारी बांधांवर ठेव. मधलं रान मोकळं कर."

गर्दीत कुजबुज झाली. सकवारबाईंनी बांधांवरून नजर फिरवली. बांधावरच्याच ओळी सर्वांत जोमदार होत्या. ऊन आणि पाणी त्यांना दोन्हींकडून मिळे. देवीने मलई तेवढी उचलली होती. त्यांच्यातली पेन्शनर जागी झाली. "चारी नको आई. मागचा बांध मज दे. तिकडून वारा येत नाहीं."

देवीने टहाळा झाडला, डोळे फिरवले, आणि विचार केला. "बरं. मागचा तुझा. पण मधल्या मोकळ्या रानात भुईमूग पेरायचा. आणि पाला..." इथे देवीचा आवाज किंचित व्यवहारी झाला. "पाला शेळ्यांना सोडायचा. मुकी जनावरं माझ्या दारात उपाशी हिंडतात."

तीन वर्षे बांधावरून हेच भांडण चालले होते. देवीला पाल्याची इतकी बारीक काळजी केव्हापासून वाटू लागली, असे सकवारबाईंच्या अगदी ओठांवर आले, त्यांनी ते गिळले आणि हात जोडून म्हटले, "दिला."

वाटले, की झाले. पण देवी वळली ती वाडीकरांकडे. "आणि तुम्ही रे? तिच्या रानात माझ्या बहिणी, आणि तुमचे बांध बोडके? मी रात्रंदिन बांधाबांधाने चालते. पाय भाजतात माझे! प्रत्येकाच्या बांधावर मला सावली पाहिजे. आणि पाट बुजवाल, तर माझी वाट बुजवाल. मग बघा!"

एवढे बोलून तिने आंबिलीचा तांब्या एका दमात रिकामा केला आणि ती धाडकन खाली बसली. थोड्या वेळाने अलमेलूने अंबाडा बांधला, इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, "काय म्हणाली?"

सकवारबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिले. अलमेलूचा चेहरा नुकत्याच पुसलेल्या पाटीसारखा कोरा होता. मघाशी गिळलेला तो पाल्याचा प्रश्न त्यांनी तेव्हा विचारला नाही, आणि नंतरही कधी नाही.

सोमवारी टोळी आली. मधले रान आणि मागचा बांध दोन दिवसांत मोकळा झाला. सरळ वासे परांच्यांच्या व्यापाऱ्याने नेले, वाकडेतिकडे गिरणीकडे गेले. लॉरी निघताना रामस्वामी पुढे उभा राहून अशा ऐटीत हात दाखवत होता, की तो जणू पालखीच बाहेर काढत होता. दहा दिवसांनी पैसे आले. सकवारबाईंनी ते तळ्याच्या बंधाऱ्यावर सर्वांदेखत पिशवीतून काढले आणि पुन्हा पिशवीत ठेवले. सर्वांनी पाहिले, एवढे पुरे होते. आणि त्या पैशांसोबत बांधावरची तीन बाजूंची झाडे उभीच होती, हे कुणालाही वेगळे सांगावे लागले नाही.

अडचण आता गुरुराजची होती. वाडीला रोपे हवी होती, पण सगळ्यांना ती बांधावरच हवी होती. "काकू, आमच्या योजनेत बांध बसत नाही. सलग क्षेत्र लागतं. एकेका बांधावर ओळभर झाडं म्हणजे वरिष्ठ मला हाकलतील."

"तुझ्या वरिष्ठास सांग, अम्मन पायीं चालते म्हणून."

"असं इंग्रजीत कसं सांगू?"

त्याने त्यावर दोन दिवस विचार केला. मग टेप घेऊन तो तळ्यापासून सकवारबाईंच्या रानापर्यंत पाटाच्या कडेने, बांधाला बांध जोडत, चालत गेला. वाडीतले सगळे बांध कुठे ना कुठे एकमेकांना भिडलेच होते. त्या नागमोडी पट्ट्याची लांबीरुंदी गुणून त्याने ती 'सलग लागवड' म्हणून वर पाठवली. वरिष्ठांनी ती मंजूर केली. त्यांनी वाडी कधी पाहिलेली नव्हती, हा त्या योजनेचा मोठा गुण ठरला.

दलालाला एकच सही मिळाली, तीही पाटापलीकडच्या शेवटच्या टोकाच्या माणसाची. त्याचा मुलगा दुबईला होता आणि त्याला ना सुरू हवा होता ना भुईमूग. बाकीचे राहिले.

रोपे आली ती ऐप्पसीच्या, म्हणजे आश्विन-कार्तिकातल्या, पावसात. सकवारबाई आणि अलमेलू यांच्यामध्ये जो सामाईक बांध होता, त्यावर मूळच्या सुरूच्या ओळीत दोनचार मोकळ्या जागा होत्या. तिथे नवी रोपे लावायला दोघी एकाच सकाळी, एकाच वेळी, आपापली कुदळ घेऊन आल्या.

"माझ्या बाजूला नको," अलमेलूने सुरुवात केली. "सकाळचं ऊन तुमच्याकडून येतं. सावली माझ्या भुईमुगावर पडेल."

"आणि दुपारची माझ्यावर पडते ती?"

"दुपारची सावली बारीक असते."

"बारीक कशी? मोजलीस कधी?"

"मग तुम्ही मोजा! एक्स्चेंजमध्ये दिवसभर नुसत्या बसून होता ना?"

"बसून नव्हते, जोडून देत होते. तुझ्यासारखी तोंडाळ माणसं एकमेकींना जोडून देत होते."

कुदळी मात्र थांबल्या नव्हत्या. एक खड्डा अलमेलूच्या उतारावर पडला, पुढचा सकवारबाईंच्या. ओळ वाकडी होत चालली आणि ते दोघींच्याही लक्षात आले होते. शेवटचे रोप मातीत दाबून अलमेलू उभी राहिली, कमरेवर हात ठेवून तिने ओळीकडे पाहिले आणि बांधापलीकडे जाताजाता ओरडली, "रायरम्मा, ऐकून ठेवा! तोडणीच्या वर्षी तुमच्या सावलीने माझे किती वेल खाल्ले, ते सगळं वसूल करणार आहे. तेव्हा कुठे जाऊ नका."

"तूंच जाऊं नकोस!" सकवारबाईंनी मराठीतच उत्तर दिले. अलमेलू हात उडवून शेळ्यांकडे निघून गेली.